गोळी घालायची तरी कुणाला?

पुस्तकात ते चिनी मातीचं कुत्रं कुणाचंच नाही. 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' या कादंबरीच्या नवव्या प्रकरणात ओक्लाहोमातली कुळं घरं सोडायच्या तयारीला लागली आहेत. नांगर, घोडे, घोड्यांचं सामान मिळेल त्या भावाला विकून झालं आहे. उरलेल्या पसाऱ्यात बसून कुणीतरी एकेक वस्तू उचलून बघतंय. हे कुत्रं सेंट लुईसच्या प्रदर्शनातून मावशीने आणलेलं. हे पत्र भावाने मरायच्या आदल्या दिवशी लिहिलेलं. न्यायचं का? जागा नाही. बोलणाऱ्याला नाव नाही, चेहरा नाही. जॉन स्टाइनबेकने तो मुद्दामच दिलेला नाही, कारण त्या प्रकरणात एकाच वेळी हजारो घरांतली माणसं बोलत आहेत. आपलं मागचं सगळं टाकून दिलं तर हे आपणच आहोत हे आपल्याला कळायचं कसं, असा प्रश्न त्यांच्यातलंच कुणीतरी विचारतं आणि पुढच्या वस्तूकडे वळतं.

जॉन फोर्डच्या १९४० सालच्या सिनेमात ते कुत्रं मा जोडच्या, म्हणजे गोष्टीतल्या जोड कुटुंबाच्या आईच्या, हातात येतं.

कादंबरीतली मा सुद्धा निघण्याआधी एक पेटी उघडते. पत्रं, कात्रणं, फोटो, कानातली एक जोडी, एक अंगठी. मोडीत निघणार नाही असं थोडंफार बाजूला काढते आणि पेटी हलकेच चुलीतल्या निखाऱ्यांवर ठेवते. तो परिच्छेद छोटा आहे. पटकथाकार नॅनली जॉन्सन आणि फोर्ड यांनी ही पेटी आणि ते निनावी कुत्रं एकत्र आणलं. घर रिकामं झालंय, बाहेर ट्रक भरला जातोय, आणि मा एकटी चुलीपाशी बसली आहे. न्यूयॉर्कचं एक पोस्टकार्ड. मुलाला सात वर्षांची शिक्षा झाल्याची बातमी छापलेलं कात्रण. एकेक करत ती ते जाळात टाकते. कुत्रं हातात आल्यावर तिच्या चेहऱ्यावर हसू येतं. मग ती कानातलं घेते, कानांशी धरते आणि अंधुक काचेत स्वतःकडे बघते. माची भूमिका करणाऱ्या जेन डार्वेलचा तो भरलेला, दमलेला चेहरा, त्याच्या दोन बाजूंना तरुणपणीची ती कानातली, आणि मागे अकॉर्डियनवर 'रेड रिव्हर व्हॅली'चे हळू सूर. एक शब्द नाही. पुस्तकातला तो मोठा प्रश्न तिने नुसता आरशात बघून विचारला आहे.

हा सिनेमा मी आईसोबत पाहिला. तिला इंग्रजी येत नाही, म्हणून मी शेजारी बसून सांगत होते. या प्रसंगाला सांगण्यासारखं काही नव्हतं, तेव्हा मीही गप्प राहिले. आईचं माहेर उजनीच्या पाण्याखाली गेलं. धरणाचं पाणी चढायच्या आत घराच्या तुळया आणि दारं उतरवून बैलगाड्यांनी नव्या गावठाणात न्यायची होती आणि त्या धांदलीत आजी कामाला जुंपलेली होती. मा आरशात बघत होती तेव्हा आई एवढंच म्हणाली, "हिला निदान बघायला वेळ तरी मिळाला गं."

तिच्या त्या वाक्यानंतर मी पुस्तक पुन्हा हातात घेतलं, आणि यावेळी सिनेमाशेजारी ठेवून वाचलं. कादंबरीत तीस प्रकरणं आहेत. त्यांतल्या जवळपास निम्म्या प्रकरणांत जोड कुटुंब नाहीच. तिथे रस्ता आहे, दुष्काळ आहे, जुन्या गाड्या विकणारे दलाल आहेत, ट्रॅक्टर आहेत, एक कासव आहे आणि निनावी माणसं आहेत. एक प्रकरण कुटुंबाचं, एक प्रकरण सगळ्यांचं, अशी ती चाल आहे. सिनेमाने ही सगळ्यांची प्रकरणं टाकून दिली असं बरेचदा म्हटलं जातं. ते बरोबर नाही. सिनेमाने त्यांतले प्रसंग उचलले आणि नाव असलेल्या माणसांना देऊन टाकले. कुत्रं माला दिलं. ट्रॅक्टरखाली जाणारं घर जोडांच्या शेजारच्या म्यूलीला दिलं. पाव विकत घ्यायला आलेला खालमानेचा बाप म्हणून पा जोडला उभं केलं. माझ्या मते कादंबरीवरून सिनेमा करताना घेतलेल्या निर्णयांत इतका धाडसी आणि इतका सुज्ञ निर्णय क्वचित दिसतो. त्याची किंमतही सिनेमाने मोजली आहे, तिच्याकडे पुढे येते.

आधी पुस्तक कुठून आलं ते सांगायला हवं, कारण ते हवेतून आलेलं नाही. १९३६ च्या ऑक्टोबरमध्ये स्टाइनबेकने 'सॅन फ्रान्सिस्को न्यूज' या दैनिकासाठी कॅलिफोर्नियातल्या स्थलांतरित शेतमजुरांवर सात लेखांची मालिका लिहिली. त्यासाठी तो मजुरांच्या वस्त्यांतून हिंडला. आर्विनजवळच्या वीडपॅच या सरकारी छावणीचा व्यवस्थापक टॉम कॉलिन्स त्याला तिथे भेटला. कॉलिन्स छावणीचे सविस्तर अहवाल लिहायचा. कोण आलं, काय खाल्लं, काय बोललं, कुठली गाणी म्हटली. ही सामग्री स्टाइनबेकला मोलाची ठरली. १९३८ च्या मे ते ऑक्टोबर या काळात त्याने कादंबरी लिहून काढली. त्याची बायको कॅरल हस्तलिखित टाइप करत होती आणि पुस्तकाला नावही तिनेच सुचवलं. अर्पणपत्रिकेत दोघंही आहेत: कॅरल, जिच्या इच्छेने हे झालं, आणि टॉम, जो हे जगला.

१४ एप्रिल १९३९ ला पुस्तक आलं आणि त्या वर्षी अमेरिकेत सर्वांत जास्त खपलेली कादंबरी ठरलं. कॅलिफोर्नियाच्या ज्या कर्न परगण्यात ती वीडपॅचची छावणी होती, तिथल्याच प्रशासक मंडळाने ऑगस्टमध्ये सार्वजनिक ग्रंथालयांतून आणि शाळांतून पुस्तकावर बंदी घातली. त्याच परगण्यातल्या बेकर्सफील्डमध्ये प्रत जाळली गेली. ग्रेचेन नीफ या तिथल्या ग्रंथपाल बाईंनी बंदीचा हुकूम पाळला, पण मंडळाला पत्र लिहून निषेध नोंदवला आणि आपल्याकडच्या प्रती दुसऱ्या परगण्यांतल्या ग्रंथालयांना वापरायला देऊ केल्या. मला या बाईंबद्दल फार आदर वाटतो. नोकरी सांभाळून, हुकूम मोडता न येता, पुस्तक वाचकाच्या हातात पोचवायची वाट त्यांनी शोधली.

अशा पुस्तकाचे हक्क ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या स्टुडिओच्या डॅरिल झॅनकने विकत घेतले. या स्टुडिओत चेस नॅशनल बँकेचं मोठं भांडवल होतं, म्हणजे बँकेने देशोधडीला लावलेल्या माणसांची गोष्ट बँकेच्याच पैशाने पडद्यावर यायची होती. स्टाइनबेक धास्तावला होता. झॅनकने खासगी तपासनीस पाठवून मजुरांच्या वस्त्यांची पाहणी करवली, आणि परिस्थिती पुस्तकात लिहिलंय त्याहूनही वाईट असल्याचं त्याला कळवण्यात आलं. चित्रीकरणाच्या वेळी गाजावाजा टाळायला 'हायवे ६६' असं खोटं नाव वापरलं. टॉम कॉलिन्सला तांत्रिक सल्लागार म्हणून बोलावलं. माच्या मुलाच्या, म्हणजे टॉम जोडच्या भूमिकेसाठी नट हेन्री फोंडा इतका आतुर होता की ती मिळावी म्हणून त्याने स्टुडिओशी सात वर्षांचा करार केला. तो करार त्याला पुढे जाचला, पण टॉम जोड त्याला मिळाला. २४ जानेवारी १९४० ला न्यूयॉर्कमध्ये सिनेमा लागला. पुस्तक येऊन वर्षही झालं नव्हतं आणि ज्यांची गोष्ट होती ती माणसं त्या दिवशीही कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर होती.

आता म्यूलीकडे येते. मला सिनेमातलं सगळ्यांत मोठं वाटतं ते हेच.

टॉम चार वर्षांनी तुरुंगातून पॅरोलवर सुटून घरी येतो, सोबत एकेकाळचा धर्मोपदेशक केसी. घर रिकामं आहे. वारा घोंघावतोय. काळोखात मेणबत्तीच्या उजेडात म्यूली सापडतो. शेजारचा शेतकरी, जमीन गेल्यावर बायकामुलांना पुढे पाठवून स्वतः मागे राहिलेला, रानात लपून फिरणारा. 'मी आता स्मशानातलं भूत झालोय,' असं तो स्वतःच म्हणतो. ग्रेग टोलँडच्या कॅमेऱ्याने या प्रसंगात जवळपास फक्त त्या एका ज्योतीचा उजेड ठेवला आहे. म्यूलीचे डोळे, गालांची हाडं, बाकी सगळा काळोख. टोलँडने पुढच्याच वर्षी 'सिटिझन केन'चं छायांकन केलं, आणि त्याची थोरवी सांगताना लोक तिथूनच सुरुवात करतात. मी इथून करीन. जॉन क्वालेन या नटाला आयुष्यात फारशा मोठ्या भूमिका मिळाल्या नाहीत. पण या काही मिनिटांत त्याने जे केलं आहे ते पाहिल्यावर म्यूली आपल्या ओळखीचा होतो.

तो सांगतो आणि आपल्याला दिसतं: मालकाचा माणूस गाडी घेऊन अंगणात आला आहे. गाडीतून उतरतसुद्धा नाही. एका ट्रॅक्टरवरचा एक माणूस बारा-चौदा कुटुंबांचं काम करतो, आता कुळं ठेवणं परवडत नाही, तुम्ही निघा. म्यूली विचारतो, हे कुणाचं काम? कंपनीचं. कंपनी म्हणजे कोण? कुणीच नाही, कंपनी आहे ती. तिला अध्यक्ष असेल ना, बंदूक म्हणजे काय हे कळणारा कुणी असेल ना? त्याचा दोष नाही, त्याला बँक सांगते. बँक कुठे आहे? टल्सा शहरात. पण तिथल्या व्यवस्थापकावर राग धरून काय उपयोग, तोही पूर्वेकडून येणाऱ्या हुकमांनी वेडापिसा झालाय.

'मग गोळी घालायची तरी कुणाला?'

गाडीतला माणूस म्हणतो, 'मला माहीत नाही, भावा. माहीत असतं तर सांगितलं असतं.'

हे सांगताना मी थांबले, तेव्हा आईने माझ्याकडे बघून विचारलं, "मग कुणाला?" तिला वाटलं, मी उत्तर सांगायचं राहून गेलं.

पुस्तकात हा संवाद पाचव्या प्रकरणात आहे आणि तिथे तो एका निनावी कुळाचा आणि 'जो डेव्हिसचा मुलगा' एवढीच ओळख असलेल्या ट्रॅक्टरवाल्याचा आहे. बँक म्हणजे माणसं नव्हेत, बँक माणसांहून वेगळं काहीतरी आहे, माणसांनीच घडवलेला पण त्यांच्या ताब्यात न राहिलेला राक्षस, असं तिथे येतं. दोघांनाही स्वतःचं नाव नाही, त्यामुळे वाचताना ते एखाद्या दंतकथेसारखं वाटतं. सिनेमाने त्यातल्या एकाच बाजूला चेहरा दिला. ज्याचं घर जातंय तो म्यूली आहे, त्याला बायको आहे, घरची माणसं आहेत, फाटकी टोपी आहे. ज्याच्या हुकमाने जातंय तो पडद्यावर येतच नाही. शेवटपर्यंत येत नाही. आपल्याला दिसतो तो निरोप्या, आणि मग ट्रॅक्टरवरचा पोरगा. ट्रॅक्टरवाल्याने डोळ्यांवरचा चष्मा काढला की तो गावातल्याच डेव्हिसचा मुलगा निघतो. म्यूली बंदूक घेऊन उभा आहे. तू आमच्यातलाच, आमच्यावर हे कसं करतोस? तीन डॉलर रोज मिळतो. मलाही बायकापोरं आहेत. तू मला मारलंस तर तुला फाशी देतील, आणि त्याआधी दुसरा कुणी ट्रॅक्टर घेऊन येईल.

ट्रॅक्टर घराच्या कोपऱ्यातून आरपार जातो. इथे फोर्डने कॅमेरा माणसांवरून खाली जमिनीवर नेला आहे. ट्रॅक्टरच्या पट्ट्यांचे खोल वळ उमटलेल्या मातीवर त्या कुटुंबाच्या सावल्या पडल्या आहेत. माणसं तिथेच उभी आहेत आणि तरी जमिनीवर त्यांची फक्त सावली उरली आहे. पुस्तकाच्या पाचव्या प्रकरणाने शब्दांत जे केलं, ते या एका चित्राने केलं.

या प्रसंगाने जे गाळलं तेही सांगते, कारण सिनेमावर प्रेम असलं तरी हे डोळ्याआड करता येत नाही. म्यूली मातीत बसून म्हणतो, माझ्या आजोबाने ही जमीन सत्तर वर्षांपूर्वी घेतली, आम्ही इथे जन्मलो, काही इथे मारले गेले, काही मेले, म्हणून ही आमची, कागद काय सांगतो त्याने नाही. पुस्तकातलं कूळही हेच म्हणतं, पण त्याच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट आहे. आजोबाने जमीन घेतली तेव्हा त्याला इंडियन लोकांना मारावं आणि हुसकावून लावावं लागलं. जोड कुटुंबाचं गाव सॅलिसॉ. १९०७ साली ओक्लाहोमा राज्य झालं, त्याआधी तो मुलूख चेरोकी राष्ट्राचा होता. आणि ते चेरोकी तरी तिथे कसे आले? १८३८-३९ मध्ये अमेरिकन सरकारने त्यांना पूर्वेकडच्या त्यांच्या जमिनींवरून सैन्याच्या पहाऱ्यात हाकललं. वाटेत त्यांतले हजारो मेले. स्टाइनबेक या इतिहासात खोल शिरत नाही, पण वाक्य ठेवतो. सिनेमा ते वाक्य काढून टाकतो. म्यूलीला चेहरा दिल्यावर, प्रेक्षक त्याच्यासाठी कळवळला असताना, ते वाक्य त्याच्या तोंडी देणं कठीण होतं हे मला समजतं. निनावी माणूस स्वतःच्या आजोबाचं पाप सहज बोलून जातो. चेहरा असलेल्या माणसाकडून ते ऐकलं की प्रेक्षकाला त्याच्याकडे नव्याने बघावं लागतं. ही ती किंमत. क्वालेनला ते वाक्य पेललं असतं, असं मला ठामपणे वाटतं.

आणखी एक. या सिनेमामुळे जगभर असा समज रुजला की जोडसारखी माणसं धुळीच्या वादळांनी उठवली. वादळं खरी होती. १४ एप्रिल १९३५ चा काळा रविवार इतिहासात आहे. पण ती मुख्यतः ओक्लाहोमाच्या पश्चिम टोकाला, टेक्सस-कॅन्ससच्या पट्ट्यात. सॅलिसॉ राज्याच्या पार पूर्वेला आहे. तिथल्या कुळांना उठवलं ते कापसाच्या पडलेल्या भावांनी, ट्रॅक्टरने, आणि सरकारच्या एका धोरणानेही. भाव सावरावेत म्हणून जमीन पडीक ठेवणाऱ्याला सरकार पैसे देऊ लागलं. पैसे मालकाच्या हातात आले, जमीन पडीक राहिली आणि त्या जमिनीवरच्या कुळाला काम उरलं नाही. कुळांच्या भल्याचं बोलणाऱ्या सरकारनेच हे केलं. म्यूलीच्या प्रश्नाच्या साखळीत टल्सा आणि पूर्वेकडचे लोक आहेत. वॉशिंग्टनही असायला हवं होतं.

प्रवासाचा भाग मी भरभर ओलांडते, तो ज्याने पाहिला त्याच्या लक्षात असतो. आजोबाला गुंगीचं औषध पाजून ट्रकमध्ये चढवणं, वाटेत त्याचा मृत्यू, आणि पुरताना चिठ्ठी लिहून ठेवणं: हा म्हातारा माणूस झटक्याने मेला, कुणी मारलेला नाही, अंत्यविधीला पैसे नव्हते म्हणून घरच्यांनी पुरला. मुक्कामावर कॅलिफोर्नियातून परत निघालेला तो भकास माणूस, जो हँडबिलांचा हिशेब समजावून सांगतो. मालकाला आठशे मजूर हवेत, म्हणून तो पाच हजार पत्रकं छापतो, ती वीस हजार जण वाचतात, दोन-तीन हजार जण निघतात. मग मजुरी किती द्यायची हे भुकेवर ठरतं. हे तो माणूस रागाने सांगत नाही. त्याची पोरं उपाशी मेली आहेत आणि मृत्यूची चौकशी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने कारण हृदयविकार लिहिलं आहे.

पावाचा प्रसंग मात्र सोडवत नाही. पुस्तकाच्या पंधराव्या प्रकरणात हमरस्त्यावरच्या एका खाणावळीत एक निनावी बाप आपल्या दोन मुलांना घेऊन येतो. सिनेमात तो पा जोड आहे, सोबत रुथी आणि विनफिल्ड. म्हातारीला दात नाहीत, तिच्यासाठी पाव हवाय, पाण्यात भिजवून द्यायला. पंधरा सेंटचा पाव, आणि तो दहा सेंटचाच तुकडा मागतोय. भीक मागत नाही, दहा सेंटचा हिशेब मांडून बसलाय आणि तो मोडायचा नाही. काउंटरवरची बाई कुरकुरते, आतून मालक ओरडतो, देऊन टाक पाव. मग पोरांची नजर गोळ्यांच्या बरणीवर जाते. त्या केवढ्याला? बाई म्हणते, एका सेंटला दोन. ते गेल्यावर एक ट्रकवाला म्हणतो, त्या गोळ्या पाच सेंटला एक आहेत. आणि जाताना दोघं ट्रकवाले टेबलावर जादा पैसे ठेवून जातात. इथे नाव देण्याचा फायदा मला सगळ्यांत जास्त जाणवला. पुस्तकात ही अनोळखी माणसाला अनोळखी माणसांनी दाखवलेली दया आहे. सिनेमात आपण पाच मिनिटांपूर्वी या बापाला स्वतःच्या बापाला रस्त्याकडेला पुरताना पाहिलं आहे, म्हणून दहा सेंटचं नाणं मोजताना त्याच्या बोटांकडे आपलं लक्ष जातं.

मग तो ट्रक हूव्हरव्हिलमध्ये, म्हणजे बेघर झालेल्यांच्या झोपडपट्टीत शिरतो. कॅमेरा ट्रकवर आहे. समोरची माणसं बाजूला होत जातात, आणि जाताना थेट आपल्याकडे बघतात. पत्र्याच्या, पुठ्ठ्याच्या झोपड्यांमधून निघालेली माणसं, बायका, पोरं. रागाने बघत नाहीत, आशेनेही नाही. आणखी एक कुटुंब आलं, एवढंच. तोवर सिनेमाने सगळे चेहरे एका कुटुंबाभोवती गोळा केले होते. या एका शॉटमध्ये पुस्तकातली सगळी निनावी प्रकरणं परत येतात. जोड कुटुंब पडद्यावर नसतंच, कारण आपणच जोड कुटुंबाच्या जागी बसलेलो असतो. मा तिथे चुलीवर पातेलं चढवते तेव्हा वस्तीतली उपाशी पोरं भोवती येऊन उभी राहतात. घरच्यांना पुरेल की नाही अशी शंका असताना ती पोरांना काड्या, चमचे जे मिळेल ते आणायला सांगते आणि तळाशी उरलेलं त्यांना देते. पाठ फिरवून, कारण पोरांकडे बघवत नाही.

पुस्तकाचा आणि सिनेमाचा रस्ता इथून पुढे वेगळा होतो. पुस्तकात सरकारी छावणी आधी येते. स्वच्छ संडास, गरम पाणी, मजुरांनीच निवडलेली समिती, शनिवारचा नाच. पण छावणीत काम नाही, म्हणून कुटुंब तिथून निघतं आणि पीच तोडायच्या बागेत पोचतं. तिथे संप चालू आहे, केसी मारला जातो, टॉमच्या हातून मारणारा मरतो. तिथून सगळं खाली खाली जात राहतं. जॉन्सनने हा क्रम उलटवला. आधी बाग, केसीचा मृत्यू, आणि नंतर छावणी. प्रसंग तेच, पण पुस्तकात हातून निसटलेली जागा सिनेमात पोचायची जागा झाली. मला हा बदल पहिल्यापासून खटकत आला आहे. तरी एक गोष्ट मान्य करते: त्या नाचाच्या रात्री टॉम आईला हाताशी धरून नाचतो आणि 'रेड रिव्हर व्हॅली' गुणगुणतो, तेव्हा कानातल्यांच्या प्रसंगातली ती चाल ओळखू येते आणि माच्या चेहऱ्यावर ती आरशातली मुलगी क्षणभर दिसते. केसीच्या मृत्यूनंतर आल्यामुळे ते हसू जास्त महाग वाटतं.

त्याच रात्री टॉमला पळावं लागतं. तो आईचा निरोप घेतो. केसी म्हणायचा, माणसाला स्वतःचा वेगळा आत्मा नसेलही, एका मोठ्या आत्म्याचा तुकडा असेल. मग मी कुठेही असलो तरी काय? उपाशी माणसांनी पोटासाठी झगडा केला तिथे मी असेन. पोलीस कुणाला मारत असेल तिथे मी असेन. पोरं भुकेली असतात आणि जेवण तयार आहे हे त्यांना कळतं तेव्हा ती हसतात, त्या हसण्यात असेन. फोंडाने हे भाषण म्हणून म्हटलेलं नाही. तो विचार करत करत, चाचपडत बोलतो. मा म्हणते, मला नाही कळत रे. तो म्हणतो, मलाही नाही. मला वाटतं, सिनेमाने सगळ्या निनावी माणसांना चेहरे देत देत जो प्रवास केला, तो इथे टॉमने एकट्याने उलट केला. आपलं नाव, आपला चेहरा, गालावर ओळखू येणारी जखम, हे सगळं तो आईपाशी सोडून सगळ्यांच्यात मिसळून जातो. नंतर पहाटेच्या उजेडात टेकडीच्या कडेवरून चालणारी एक छोटी काळी आकृती दिसते, आणि ती कुणाचीही असू शकते.

फोर्डला या सिनेमासाठी ऑस्कर मिळालं, डार्वेलला सहायक अभिनेत्रीचं मिळालं. फोंडाला मिळालं नाही. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं 'रेबेका'ला गेलं, तोही कादंबरीवरूनच केलेला. डिसेंबर १९३९ मध्ये सिनेमा पाहून स्टाइनबेकने आपल्या प्रतिनिधीला लिहिलं होतं की झॅनकने दिलेल्या शब्दाहून जास्त पाळलं आहे, सिनेमा कणखर आणि सरळ आहे, नट त्यात इतके विरघळले आहेत की तो माहितीपटासारखा वाटतो. धास्तावलेल्या लेखकाचं हे मत मला फार मोलाचं वाटतं.

पण शेवटाबद्दल वाद आहे आणि तो व्हायलाच हवा. पुस्तकाच्या शेवटी पूर आला आहे, जोडांच्या मुलीचं, रोझ ऑफ शेरनचं मूल मेलेलं जन्मलं आहे, आणि कोठारात आसरा घेतलेल्या त्या कुटुंबाला तिथे उपासाने मरणारा एक अनोळखी माणूस सापडतो. ती त्याला आपलं दूध पाजते. १९४० च्या हॉलिवूडमध्ये, तिथल्या सेन्सॉरच्या नियमांखाली, हे पडद्यावर येणं शक्यच नव्हतं. त्या जागी सिनेमात ट्रक कामाच्या शोधात निघतो आणि मा बोलते: श्रीमंत येतात आणि मरतात, त्यांची पोरं निकामी निघतात आणि वंश संपतो, आपण मात्र येतच राहतो, आपल्याला कुणी पुसून टाकू शकत नाही, आपण माणसं आहोत. अनेक समीक्षकांना हे गोड केलेलं वाटलं. वाक्यं पुस्तकातलीच आहेत, पण विसाव्या प्रकरणातली. तिथे हत्यारबंद टोळीने रस्ता अडवून परत फिरवल्यावर अपमानाने थरथरणाऱ्या टॉमला शांत करायला मा हे म्हणते. त्यानंतर पुस्तकात दहा प्रकरणं आहेत, आणि त्या दहा प्रकरणांत तिच्या शब्दाला एकामागून एक तडे जातात.

मीही बरीच वर्षं समीक्षकांच्याच बाजूने होते. आता त्या शेवटच्या ट्रकमधलं बोलणं मला नीट ऐकू येतं. फ्रेझ्नोला वीस दिवसांचं काम आहे म्हणून सगळे खुशीत आहेत, तेव्हा मा म्हणते, वीस दिवस असेल, एकही दिवस नसेल, हातात येईल तेव्हा आपलं. आणि ते काम कापूस वेचायचं आहे. पुस्तकातलं या कुटुंबाचं शेवटचं कामही कापसाचंच. तिथे ते मालगाडीच्या जुन्या डब्यात राहतात, कापूस संपतो आणि पाऊस सुरू होतो. त्या ट्रकमध्ये मा जे बोलते ते ती पुढचं काही माहीत नसताना बोलते, आणि पुस्तक वाचून आलेल्याला कापसाचं नाव निघताच डब्याच्या दाराशी चढणारं पाणी आठवतं.